दाढीचा तिसरा हात

गावाला पाणी पुरवणाऱ्या केंद्रावर एक माणूस कामाला होता. त्याला सगळे नाकमोड्या म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. नाव त्याने स्वतः कमावलेलं होतं. दुसऱ्याने पुढे केलेला कप तो दोन बोटांत धरायचा, दुसऱ्याच्या डब्याकडे बघून नाक मुरडायचा, आणि कोणी शेजारी शिंकलं की शिंकणाऱ्याने रुमाल काढायच्या आत हा तोंड धुऊन परत यायचा. बसमधला धरायचा दांडा, काउंटरवर दोरीने बांधलेलं पेन, दुकानदार थुंकी लावून उघडतो ती पिशवी, अशी किळस येणाऱ्या गोष्टींची यादी त्याला तोंडपाठ होती आणि तिच्यात रोज भर पडे. बायको म्हणायची, "यांना इंद्रियं पाचच, पण पाचही नाकात!"

कामावर मात्र याच नाकाची चलती होती. पाण्यात सोडायचा क्लोरीन जिथे ठेवतात, त्या खोलीचा ताबा बावीस वर्षं त्याच्याकडे होता. वायू गळायला लागला तर धोक्याची घंटा वाजायच्या आधी नाकमोड्या नाक वर करून म्हणे, "तीन नंबरचा सिलिंडर." आणि तो तीन नंबरचाच असे. खोलीला पांढऱ्या फरश्या होत्या, दिवसातून तीनदा धुतलेल्या. तिथे कोणी डबा खात नसे, कोणी थुंकत नसे, कोणाचा केस पडत नसे. सगळ्या जगात त्याच्या मनासारखी स्वच्छ अशी ही एकच खोली होती, आणि तीच जायची वेळ आली.

झालं असं, की वरून नवा नियम आला. क्लोरीनच्या खोलीत जाणाऱ्याला मास्क नीट बसतो की नाही, याची चाचणी द्यायची. सेफ्टीच्या साहेबांनी नाकमोड्याच्या तोंडावर मास्क चढवला, वरून डोक्यावर प्लास्टिकची टोपडी घातली आणि टोपडीच्या भोकातून कडू पाण्याचा फवारा मारला. जिभेला कडू लागलं, तर मास्क गळतोय. तिसऱ्याच श्वासाला नाकमोड्याचं तोंड कडूजहर झालं. तो अर्धा तास चुळा भरत होता.

साहेबांनी त्याचा जबडा उजेडात धरला. "हे काय करून घेतलंय?"

जबडा बघण्यासारखा नव्हता. कानापासून हनुवटीपर्यंत लाल फोड, काहींच्या टोकाला पिवळा पू, मध्येमध्ये कातडीखाली गुंडाळून बसलेले केस आणि गळ्यावर खरवडल्याचे चट्टे. मास्कची रबरी कड टेकायची नेमकी तिथेच हा सगळा बाजार भरलेला. साहेब म्हणाले, "एक तारखेला पुन्हा चाचणी. तेव्हाही गळला तर ही खोली विसरा. गाळाच्या टाकीवर जागा रिकामी आहे."

गाळाची टाकी! नदीतून येणारी सगळी घाण जिथे बसते ती. गुडघाभर काळा चिखल, त्यात कुजलेला पाला, कधी चपला, कधी फुगलेला उंदीर. तिथून येणाऱ्या माणसांच्या शेजारून जातानासुद्धा नाकमोड्या श्वास रोखून धरायचा. एक तारखेला सोळा दिवस होते.

गंमत अशी, की केंद्रावर त्याच्याइतकी दाढी कोणी करत नव्हतं. सकाळी एकदा आणि कामावर निघताना एकदा. डब्यातला फोम थापायचा, पाच पात्यांचा रेझर दाबून धरायचा आणि खालून वर तीन-तीन हात ओढायचे, कातडी करकरेपर्यंत. जितकं घासाल तितकं स्वच्छ, हा त्याचा धर्म. भांडं असो, फरशी असो, नाहीतर गाल असो. आता मात्र आरशात बघितलं की त्याला दुसऱ्या कोणाची यावी तशी स्वतःची किळस यायची. तो दिवा न लावताच दात घासू लागला.

त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे घरात सासरे होते.

चार महिन्यांपूर्वी बायको त्यांना घेऊन आली होती. एकटे राहायचे, दोनदा पडले, मग काय करणार? सासऱ्यांनी छत्तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात दाढ्या केल्या. ऑपरेशनला जाणाऱ्यांच्या, हात मोडलेल्यांच्या, अंथरुणावरून उठू न शकणाऱ्यांच्या. एकदा जेवताना त्यांनी सहज सांगितलं, की मेलेल्यांच्याही करायचे. नाकमोड्याचा घास हातातच राहिला.

"ह्याच ब्रशने?"

"छे हो, जावईबापू. त्यांचा वेगळा होता."

या खुलाशाने त्याचं काही समाधान झालं नाही. घरात बेसिन एकच, आणि सकाळी सहाला ते सासऱ्यांच्या ताब्यात. मग साबणाची वाटी घेऊन तिच्यात तो ब्रश खळाखळा फिरवणं, मग तो फेस, मग रेझरवरचा केसाळ फेस पाण्यात न धुता डाव्या तळहाताला पुसणं. डाव्या तळहाताला! नाकमोड्याने एकदा दारातून ते पाहिलं आणि त्या दिवशी नाश्ता केला नाही. नंतर बेसिनला साबणाची पांढरी कड आणि तिच्यात चिकटलेले बारीक पांढरे केस. म्हाताऱ्याने धुतलेलं असे, पण डोळ्यांनी दिसेल तेवढंच. आणि एक दिवस खाडा नाही. सासूबाई गेल्या त्या सकाळीसुद्धा म्हणे त्यांनी आधी दाढी केली होती.

चाचणीच्या आठवडाभर आधीच नाकमोड्याने मेहुण्याला फोन लावला होता. आपल्याला हे जमणार नाही, किळस ही काही ठरवून येत नाही, वगैरे. मेहुणा कुरकुरला, त्याचं घर लहान, दोघं दिवसभर कामावर. पण अखेर एक तारखेला दुपारी दोनच्या गाडीने वडिलांना घेऊन जायचं कबूल झालं. दिवसात तिकडे जाणारी गाडी तेवढी एकच. बायको दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. सासरे "बरं" म्हणाले आणि आपली बॅग झाडून ठेवली.

म्हणजे एकाच तारखेला दोन निकाल होते. नाकमोड्याची खोली राहते का, आणि म्हातारा जातो का.

चाचणीत नापास होऊन तो घरी आला तेव्हा बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा. ज्या माणसाने छत्तीस वर्षं सडलेल्या, भाजलेल्या, टाके घातलेल्या कातड्यांवर रेझर चालवला, तो पलीकडच्या खोलीत बसलाय."

"मी? त्यांच्याकडून?"

"नाहीतर जा गाळात."

सासऱ्यांनी त्याला खिडकीपाशी बसवलं आणि चष्मा लावून जबडा पाहिला. बोटं थरथरत होती, पण कातडीवर टेकली की थरथर थांबायची. नाकमोड्याने डोळे गच्च मिटून घेतले. दुसऱ्याची बोटं तोंडावर!

"पंधरा दिवसांत मास्क बसेल," सासरे म्हणाले. "पण माझं ऐकावं लागेल."

"एक तारखेपर्यंतच तर ऐकायचं आहे," नाकमोड्या म्हणाला.

"म्हणजे गरज सरो नि वैद्य मरो," बायको आतून म्हणाली. सासरे हसले. त्यांना राग आलेला दिसला नाही, किंवा आला असेल तर जावयाने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

पहिली अडचण ब्रशची आली. सासरे म्हणाले, फोम फेकून द्या. त्यात वारा असतो, ओल नसते. साबण आणि ब्रशच हवा. नाकमोड्या म्हणाला, नवा ब्रश आणतो. सासरे म्हणाले, नव्या ब्रशचे केस टोचतात नि गळतात, तो मऊ पडायला दोन महिने लागतात, आणि या फोडांवर तो म्हणजे झाडू. रेझरही असा एका पात्याचा जड आता सहज मिळत नाही.

"पण तो उष्टा आहे," नाकमोड्या म्हणाला. शब्द तोंडातून गेल्यावर त्यालाही जरा वाईट वाटलं. फार नाही.

सासऱ्यांनी ब्रश हातात घेतला. "मी तो सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून ठेवतो. रेझर उकळतो. आणि आजपासून दोन्ही तुमची. माझा हात लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश बेसिनवर उभा होता, रेझर चमकत होता. नाकमोड्याने ब्रश सहा वेळा नाकाशी नेला. साबणाशिवाय कसलाही वास येत नव्हता.

पण रेझर लगेच मिळाला नाही. तीन दिवस दाढी बंद. फक्त गरम पाण्याचा पंचा पिळून गालावर धरायचा, आणि नंतर थंड पाणी आणि तुरटी.

"तुरटी?" नाकमोड्या म्हणाला. "ती आम्ही पाण्यात टाकतो!"

"कशाला टाकता?"

"घाण खाली बसवायला."

"मग?"

बावीस वर्षं तुरटीच्या गोण्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या होत्या. त्यातला एक खडा तोंडाला लावावा, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. लावली तशी ती अशी झोंबली, की त्याने म्हाताऱ्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या.

चौथ्या दिवसापासून धडे सुरू झाले. नाकमोड्या आरशासमोर, सासरे मागे. आरशात त्यांचं तोंड दिसू नये म्हणून नाकमोड्या थोडा डावीकडे सरकून उभा राही, म्हणजे आरशात आपलाच जबडा आणि मागे भिंत. आवाज तेवढा खांद्यामागून यायचा.

"आधी केसांची वाट ओळखा. बोट फिरवा. जिकडे गुळगुळीत लागतं तिकडे वाट, जिकडे अडतं तिकडे उलट."

नाकमोड्याने बोट फिरवलं. गालावर केस खाली जात होते. हनुवटीखाली आडवे वळत होते. आणि गळ्याच्या डाव्या बाजूला चक्क गोल फिरून कानाकडे चालले होते.

"भोवरा आहे तिथे तुमच्या. डोक्यावर असतो तसा. आणि तुम्ही त्याच्यावर रोज सहा हात उलटे मारता. केस कातडीखाली तुटतो, वर यायला वाट मिळत नाही, मग आतल्या आत कुजतो."

कुजतो म्हटल्यावर नाकमोड्याने तोंड वाकडं केलं. पण ते मनावर ठसलं.

मग फेस. त्याला वाटलं, दहा वेळा ब्रश फिरवला की झालं. मागून आवाज आला, "फुगला म्हणजे झाला नाही. अजून फिरवा. थोडं पाणी. अजून. आता वाटी उलटी करा." वाटी उलटी करूनही फेस जागचा हलला नाही, तेव्हा कुठे तोंडाला लावायची परवानगी मिळाली. तोंडावरही ब्रश कितीतरी वेळ गोल गोल फिरवायचा. "केसाला उभं करायचंय, जावईबापू. घाई केली की तो झोपतो."

आणि मग रेझर. "दाबू नका. त्याला स्वतःचं वजन आहे. तुम्ही फक्त धरायचं. पहिला हात केसाच्या वाटेने. पुन्हा फेस. दुसरा हात आडवा. बस."

"आणि तिसरा? उलटा?"

"तिसरा हात नाही मारायचा. दोन हातांत निघते ती दाढी. तिसरा हात म्हणजे हाव."

एका गोष्टीला मात्र नाकमोड्या बधला नाही. रेझर तळहाताला पुसायला सासरे सांगत होते. तळहातावर पुसलं की किती केस निघाले ते दिसतं, रक्ताचा थेंब आला तर लगेच कळतं, पाण्यात धुतलं की सगळं वाहून जातं. छत्तीस वर्षांत एकाही पेशंटला त्यांनी नकळत कापलं नव्हतं ते यामुळे. "मला हे सांगूच नका," नाकमोड्या म्हणाला आणि कागदी रुमालांचा गठ्ठा घेऊन आला.

दहाव्या दिवशी पू गेला. बाराव्या दिवशी लाली गेली. नाकमोड्या दिवा लावून दात घासू लागला. रोज दाढी झाली की सासरे मागून विचारत, "अडतं का कुठे?" आणि तो बोट फिरवून म्हणे, "भोवऱ्यापाशी थोडं." "उद्या जाईल."

घरात बाकी सगळं होतं तसंच होतं. एकदा नाश्त्याच्या वेळी त्याची नजर चुकून सासऱ्यांवर गेली. तोंडावर पांढरे खुंट वाढलेले, त्यात दुधाचा थेंब अडकलेला. नाकमोड्याने ताट सरकवलं आणि आत जाऊन बायकोला म्हणाला, "निदान जायच्या आधी तरी दाढी करायला सांग त्यांना. बघवत नाही."

बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर विचारलं असतं, काय झालं. याने नाही विचारलं. ती पाण्याचा नळ मोठा सोडून भांडी घासत राहिली.

एक तारीख उजाडली. सासऱ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा त्याला आपल्याकडे वळायला सांगितलं आणि बोटांची मागची बाजू त्याच्या जबड्यावरून फिरवली. नाकमोड्याने डोळे मिटले होते. "बसेल," ते म्हणाले.

बसला. साहेबांनी फवारा मारला, मान उजवीकडे-डावीकडे वळवायला लावली, कागदावरचा मजकूर मोठ्याने वाचायला लावला, वाकायला लावलं. टोपडीत कडू धुकं भरलं होतं आणि नाकमोड्याच्या जिभेला फक्त स्वतःची जीभ लागत होती. साहेबांनी मास्क काढून जबडा पाहिला. "कुठल्या सलूनमध्ये जाता?"

"घरीच," नाकमोड्या म्हणाला, आणि छाती थोडी पुढे आली. खोलीची किल्ली खिशात घालून, अर्धा दिवस रजा टाकून तो घरी निघाला. वाटेत तो दोनदा एकटाच हसला. ही बातमी बायकोच्या आधी सासऱ्यांना सांगायची आहे, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो रस्त्यात जरा थांबलाच.

घरी मेहुणा येऊन बसला होता. दाराशी बॅग होती. सासरे धुतलेला सदरा घालून खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर.

"पास!" नाकमोड्या म्हणाला.

"वा," सासरे म्हणाले. "भोवरा?"

"अडला नाही."

ते हसले, आणि तेव्हा नाकमोड्याने त्यांच्या तोंडाकडे सरळ पाहिलं. सोळा दिवसांची दाढी, पांढरी, विस्कटलेली, ओठांवर आलेली. जुन्या सवयीने त्याचं नाक वर गेलं. "अहो, आज तरी दाढी करायची होती."

"कशाने?" बायको ओरडली. तिचा आवाज घरात इतका चढलेला कोणी ऐकला नव्हता. "कशाने करतील? ब्रश एक, रेझर एक. तुम्हाला उष्टा चालत नाही म्हणून त्यांनी त्या दिवसापासून हात लावला नाही. मी नवा आणते म्हटलं तर म्हणाले नको, बेसिन जावईबापूंना मोकळं राहू दे. तुम्हाला सांगू नको म्हणून शपथ घातली, परीक्षा होईपर्यंत. माझी आई गेली त्या दिवशी चुकली नाही ती दाढी तुमच्यासाठी चुकवली, आणि तुम्ही म्हणता बघवत नाही! शेळी जाते जिवानिशी नि खाणारा म्हणतो वातड!"

"अगं, जाऊ दे," सासरे म्हणाले. "तिकडे मशीन आहे म्हणे."

"हो, मशीन आहे," मेहुणा घड्याळ बघत म्हणाला. "चला, एक वाजून गेला."

नाकमोड्या बेसिनपाशी गेला. बेसिन लख्ख होतं. एक डाग नाही, एक केस नाही. चार महिने त्याला जसं हवं होतं तसं. सोळा दिवस ते तसंच होतं आणि त्याला वाटलं होतं, म्हातारा सुधारला. आरशात त्याचा जबडा दिसला, गुळगुळीत, निरोगी. त्या जबड्याची त्याला अशी किळस आली, की फोडांनी भरलेला होता तेव्हाही आली नव्हती.

त्याने गरम पाणी ठेवलं. पंचा पिळला. खुर्ची खिडकीपाशी ओढली.

"हे काय?" मेहुणा म्हणाला. "गाडी चुकेल."

"असं नेतात का माणसाला?" नाकमोड्या म्हणाला. "दहा मिनिटं."

त्याने सासऱ्यांच्या तोंडावर पंचा धरला. पंच्याखालून ओल्या केसांचा, म्हातारपणाचा, दुधाचा वास आला. त्याने श्वास रोखला नाही. आधी कात्रीने लांब केस उतरवले. ते त्याच्या मनगटाला चिकटले, त्याने झटकले नाहीत. मग त्याने वाटीत ब्रश फिरवला, वाटी उलटी करून पाहिली, आणि फेस लावला. पहिला हात केसाच्या वाटेने. गालाची सैल कातडी दोन बोटांनी ताणून धरली. रेझर भरला. कागदी रुमाल पलीकडे राहिले होते. त्याने रेझर आपल्या डाव्या तळहाताला पुसला. कोमट, केसाळ, बुळबुळीत. ओकारी घशापर्यंत आली आणि त्याने ती गिळली. तळहातावर पाहिलं. रक्त नव्हतं.

"वाट बघा गळ्यावर," सासरे डोळे मिटून म्हणाले. "मलाही भोवरा आहे. उजवीकडे."

दुसरा हात आडवा झाला. चेहरा स्वच्छ निघाला, लहान, गुलाबी, नाकमोड्याने कधी नीट न पाहिलेला. दीड वाजला होता. मेहुणा बॅग घ्यायला दाराकडे गेला, तर बॅग तिथे नव्हती. बायकोने ती केव्हाच आत नेली होती.

नाकमोड्याने वाटीत पुन्हा थोडं पाणी घातलं आणि ब्रश फिरवायला लागला. सावकाश. वाटी उलटी करून पाहिली. पुन्हा फिरवला. मग त्या गुळगुळीत गालावर तो फेस लावू लागला, गोल गोल, जराही घाई न करता.

"अहो, झाली की दाढी!" मेहुणा म्हणाला. "स्टँडवर पोचायलाच वीस मिनिटं लागतात."

"जावईबापू," सासरे फेसातून हळूच म्हणाले, "दोन हात झाले."

"माहीत आहे."

"मग हे काय चाललंय?"

"तिसरा हात."

सासऱ्यांनी डोळे उघडून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तिसरा हात म्हणजे काय, सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"हाव," नाकमोड्या म्हणाला. "डोळे मिटा, फेस जाईल."